अठरा बरण्या माती

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी साडेआठ ते अकरा तुमच्या ठाकुर्लीच्या घरात बरण्या धुतल्या. अठरा होत्या. सगळ्या माझ्या, म्हणजे माझ्या डब्यांच्या स्वयंपाकघरातून गेलेल्या, लोणच्याच्या, लाल झाकणांच्या. दर दिवाळीला तुम्ही दोन मागून न्यायच्यात आणि परत कधी द्यायच्या नाहीत. एकदा मी विचारलं होतं, "वहिनी, एवढं लोणचं खातं कोण हो तुमच्याकडे?" तुम्ही म्हणालात, "माती घालते त्यात." मला वाटलं, टोमणा आहे.

काल तुमचा तेरावा झाला. आज तुमचा दीर अरुण कपाटातले कागद बघत बसला आणि मी स्वयंपाकघर आणि गॅलरी घेतली. मी कामाला लागले की कशी लागते ते तुम्हाला माहीत आहे, मधे चहासुद्धा घेत नाही. गॅलरीतल्या मांडणीवर, जुन्या पडद्यामागे, बरण्या ओळीने लावलेल्या सापडल्या. झाकण उघडलं तर खरंच माती. प्रत्येकीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, "ग. ५", "न. ५" असं काहीतरी. मी अरुणला म्हटलं, "बघ, थोरल्या जाऊबाईंनी माझ्यासाठी काय ठेवलंय." तो हसला. दोन बादल्या भरल्या. खाली नेऊन सोसायटीच्या जास्वंदीच्या बुडाशी ओतल्या. चिठ्ठ्या सुक्या कचऱ्यात टाकल्या, घंटागाडी आली ती घेऊन गेली. मग गरम पाणी, सोडा, आणि अठराच्या अठरा बरण्या गॅलरीत वर्तमानपत्रावर उपड्या. लख्ख निघाल्या. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं.

दुपारी दोन वाजता मला कळलं की मी काय केलं.

पण त्याआधी सोमवार. तीन तारखेला सकाळी नऊला तुमचा फोन आला. गॅसवर चाळीस डब्यांची भाजी होती.

"सुरेखा, येत्या रविवारी ठाकुर्लीला येतेस का? दाखवायचंय काहीतरी."

"परत ते मातीचंच असेल ना?"

"तेच."

"वहिनी, मी फोडणी टाकलेली आहे. रविवारी जमलं तर बघू."

"जमव," म्हणालात, आणि तुम्हीच फोन ठेवलात.

साडेअकराला तुमच्या समोरच्या घरातल्या काकूंचा फोन. तुम्ही जिन्यात बसलात, हातातली पिशवी नीट बाजूला ठेवलीत, आणि मग भिंतीला टेकलात. हॉस्पिटलात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. काकू हे सांगत होत्या आणि मी दुसऱ्या भाजीत झारा हलवत होते. मी गॅस बंद केला नाही. भाजी पूर्ण केली, चाळीस डबे भरले, झाकणं मोजली, टेम्पो माजिवड्याच्या सिग्नलच्या पलीकडे जाईपर्यंत बघत उभी राहिले, आणि मग पर्स घेतली. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर कसला, मला ते कळलंच नव्हतं. आजही सांगता येत नाही की कळलं आहे. मघाशी तुमची वही वाचताना एका ओळीवर अडले तर मी तुम्हालाच फोन लावायला घेतला.

आपण दोघी एका घरात सुना म्हणून आलो, पण एका चुलीवर फार दिवस राहिलो नाही. तुम्ही कल्याणच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतात. मी ठाण्यात डब्यांचा धंदा सुरू केला तेव्हा कॉलेज सुटलं की तुम्ही थेट माझ्याकडे यायच्यात, नऊपर्यंत वाटाणे सोलायच्यात. माझ्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी असते ती तुमची शिस्त. एक बाहेर, एक आत. "बाहेरची ओल्या हाताने पुसली जाते, आतली राहते," असं तुम्ही म्हणायच्यात. वाटाण्यांबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. तुम्हीही तशी वाट बघितली नसेल. पण तो काळ तुमच्या हातांशिवाय निघाला नसता, एवढं इथे लिहून ठेवते.

भांडण आपलं एकच होतं, ते आठ वर्षं चाललं. मुरबाड रस्त्याला आत सासऱ्यांची दोन एकर वरकस जमीन. भाताची नाही, उंचावरची, नुसत्या गवताची. सासरे असेपर्यंत दिवाळीनंतर गवत कापून तबेल्यांना जायचं. मग तबेले हलले, गवताला विचारणारं कोणी राहिलं नाही. मला माझ्या स्वयंपाकघरासाठी भाजी हवी होती. मी म्हटलं, नांगर घालू, भेंडी लावू, बोअर आहेच. गावातला काशिनाथ करायला तयार होता, त्याचं घर माळाच्या खालीच. फक्त तुम्ही नाही म्हणालात. मोठे भाऊजी गेल्यापासून अर्धी जमीन तुमच्या नावावर होती.

"गवत काय शिजवून घालू लोकांना?" मी विचारलं.

"नको घालूस. पण ते काय काम करतं ते ऐकून तरी घे." आणि मग तुम्ही तुमचा तास सुरू केलात. गवताची मुळं दरवर्षी मरतात, नवी येतात. मेलेली तिथेच कुजतात आणि मातीला काळी करतात. तो काळेपणा म्हणजे कर्ब, सासऱ्यांच्या आजोबांच्या आधीपासून साठलेला. नांगराने ढेकूळ फुटलं की आतल्याला हवा लागते. मातीतले जंतू त्याच्यावर तुटून पडतात, खातात, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो.

"म्हणजे जळतं म्हणा की."

"जळतंच. फक्त धूर दिसत नाही."

"अहो वहिनी, घोडबंदर रोडला दहा मिनिटं उभ्या राहा. तिथला धूर दिसतो की नाही बघा. आपल्या दोन एकरांनी जगाचं काय बिघडणार आहे?"

"ते गाडीवाल्यांना विचार. मी आपल्या दोन एकरांपुरतं बोलतेय."

शेवटी अरुणने मधे पडून तोडगा काढला. सगळं नांगरायचं, वरच्या बांधालगतचा दहा गुंठ्यांचा पट्टा गवताचा राहू द्यायचा. तुम्ही हो म्हणालात. इतक्या पटकन म्हणालात की मला संशय यायला हवा होता.

पहिल्या वर्षी भेंडी अशी आली की काशिनाथची बायको तोडून तोडून दमली. खत नावाला घातलेलं. मी तुमच्याकडे मुद्दाम एक पिशवी पाठवली. तुम्ही फोनवर म्हणालात, "छान आहे. एवढी कशाच्या जोरावर आली ते विचार तिला. साठवणीतलं खातेय ती." मी म्हटलं, भेंडीला तरी सुखाने खाऊ द्या. तिसऱ्या वर्षापासून खताची गोणी वाढत गेली. चौथ्या वर्षी पाणी दिलं की वरची माती पापडासारखी धरायला लागली. मला ते दिसत होतं. तुम्हाला सांगितलं नाही. का सांगू? तुम्ही "बघ" म्हणाला असतात.

आणि तुमची ती पातेली. दर दोन-तीन महिन्यांनी एसटीने जाऊन तुम्ही माळावर पातेली उपडी घालायच्यात, एक नांगरलेल्यात, एक गवतात, खाली बशीत चुन्याची निवळी. पानाच्या टपरीवरचा चुना, रात्रभर पाण्यात ठेवून वरचं पाणी घेतलेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बशीवर किती साय धरली ते बघायचं. जेवढा वायू जास्त तेवढी साय जाड. गावात तुमचं नाव पडलं होतं. बांधावरून काशिनाथ ओरडायचा, "बाय, शिजली का माती?" तुम्ही ओरडायच्यात, "मीठ कमी आहे रे."

एकदा मी टेम्पो घेऊन भेंडी आणायला गेले होते तेव्हा तुम्ही पातेली उचलत होतात. मी वाकून बघितलं. गवतातल्या बशीवर साय जास्त होती. चांगलीच जास्त. मी काशिनाथसमोर हसले. "घ्या. तुमचं गवतच जास्त सोडतंय. मी उगाच आठ वर्षं शिव्या खातेय." आठ नव्हती, तेव्हा तीनच झाली होती, पण मला तशी वाटत होती.

तुम्ही बशी उन्हाकडे धरून बराच वेळ बघितलीत. म्हणालात, "हो. गवतातली जास्त आहे."

परत येताना टेम्पोत शहाडच्या पुलावर अडकलो तेव्हा तुम्ही आपण होऊन बोललात. गवताची मुळं जिवंत आहेत, ती श्वास सोडणारच. पण तेच गवत दिवसभर हवेतून घेतंही, आणि पातेल्याखालच्या अंधारात ते मोजता येत नाही. गवताचं घेणं-सोडणं दोन्ही चालतं. नांगरून उघड्या पडलेल्या मातीचं सोडणंच जास्त. "बशी एका दिवसाचं सांगते, सुरेखा. वर्षांचं मातीलाच विचारायला हवं."

मी म्हटलं, "हरलात की तुम्हाला बोलायला सुचतं."

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. मातीला कसं विचारणार, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी सगळ्या नातेवाइकांना मी बशीची गोष्ट सांगितली. तुमच्यासमोरसुद्धा सांगितली. तुम्ही दर वेळी मान डोलावलीत, "जास्त होती, खरं आहे."

तर आज दुपारी दोन वाजता. जेवणाच्या टेबलाच्या खणात तुमची वही सापडली, तपकिरी कव्हरची, लांब. मला वाटलं दूधवाल्याची असेल. पहिल्या पानावर लिहिलंय: "गवत व नांगर. दर वर्षी गवत कापल्यावर, बांधापासून सात पावलं, वीतभर खोल. वाळवून, बरणीत. पहिली जोडी नांगर घालण्याआधीची." पुढे नऊ वर्षांच्या नऊ जोड्या. प्रत्येकीखाली रंग कसा, चिमटीत दाबली तर धरते का सुटते, मुळांचे धागे किती. शेवटची जोडी दोन नोव्हेंबरची. म्हणजे तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीची.

ग म्हणजे गवत. न म्हणजे नांगर. ओल्या हाताने पुसल्या जाऊ नयेत म्हणून आत ठेवलेल्या चिठ्ठ्या.

मी वही तशीच ठेवून खाली पळाले. चप्पल घातली नव्हती. जास्वंदीपाशी वॉचमन पाइप घेऊन उभा. "पाणी मारलं मॅडम, नवी माती टाकलेली ना तुम्ही." मी गुडघ्यावर बसून चिखल हातात घेतला. एकच रंग. नऊ वर्षं, दोन्ही बाजूंची, कालवून एक झालेली. वॉचमन विचारत होता काही पडलं का. मी म्हटलं, हो.

वर आले तर अरुण म्हणाला, "माती ती माती. माळावरून परत आणू."

"नांगर घालण्याआधीची कुठून आणू?" मी म्हटलं.

वहीच्या मागच्या बाजूने तुम्ही वेगळंच काही लिहायला घेतलं होतं. ते मी उभ्यानेच वाचलं, आणि मग खुर्ची ओढून बसले.

"सुरेखा म्हणते, गवतातल्या बशीत जास्त साय आली. बरोबर. बशीने हे ठरणार नाही."

"सुरेखा म्हणते, शेणखत घातलं तर काळेपणा परत येईल. काही अंशी बरोबर. खत घातलेल्या सरीतली माती वेगळी घेऊन बघणे."

"सुरेखा म्हणते, बरणीत ठेवून मातीचा रंग उडत असेल. बरोबर. दर वर्षी ताजी माती शेजारी धरून बघणे."

"सुरेखा म्हणते, घोडबंदर रोड. उत्तर नाही."

चार पानं आहेत अशी. मी वाटाणे सोलताना, फोनवर, लग्नाच्या पंगतीत, तुम्हाला गप्प करायला जे जे फेकलं होतं ते सगळं, वर्षवारीने. मला त्यातलं निम्मं आठवतही नाही. मला वाटायचं, तुम्ही ऐकत नाही. कॉलेजात प्राध्यापकांच्या हाताखाली बाटल्या धुणारी बाई घरी येऊन आम्हाला विज्ञान शिकवते, असं मी एकदा अरुणला म्हणाले होते. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. ते वहीत नाही. मी शोधलं.

शेवटची नोंद दोन तारखेची. "अठरा झाल्या. सुरेखाला रविवारी बोलावणे. गॅलरीत उन्हात जोडीजोडीने लावायच्या. आपण काही बोलायचं नाही. तिची नजर चांगली, तूरडाळीतला फरक लांबून ओळखते. सगळ्या बघूनही नांगर घाल म्हणाली तर पट्टा देऊन टाकायचा. वाद बंद."

वहिनी, तुम्ही मला निकाल द्यायला बोलावत होतात. आठ वर्षं तुमच्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईला. आणि मी रविवारी आले, एक रविवार उशिरा, आणि पुरावा सोड्याने धुतला.

अजून एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी मी काशिनाथला फोन करून सांगितलं की पट्टाही नांगरून टाक. सुतकात. मी स्वतःला समजावलं की हंगाम थांबत नाही. खरं म्हणजे मला बघायचं होतं की आता नाही म्हणायला कोणी आहे का. कोणी नव्हतं. ट्रॅक्टर सोमवारचा ठरला. म्हणजे उद्याचा.

संध्याकाळी काशिनाथला सहा वेळा फोन लावला. माळाखाली रेंज नसते. उपड्या बरण्यांतल्या दोन पिशवीत घातल्या, वही घेतली, आणि घराला कुलूप लावलं.

सोमवार. डबे मदतनीस बाईवर सोपवले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि साडेपाचला टेम्पो काढला. पोचले तेव्हा सात वाजायचे होते. ट्रॅक्टर बांधाला लागलेला, ड्रायव्हर तंबाखू मळत बसलेला. काशिनाथ खालून चढून आला.

"वयनी, तुम्ही कशाला आलाव? मी करून घेतलं असतं."

"नको करूस. पट्टा राहू दे."

"आता राहू दे? तुम्हीच बोल्लाव ना, बाय गेली, आता नांगरून टाक."

"बोलले होते."

ड्रायव्हर म्हणाला, डिझेल जाळून आलोय. मी म्हटलं, तुझी फेरी फुकट जाणार नाही, जा. काशिनाथ माझ्याकडे बघत राहिला. त्याला कारण हवं होतं. मी म्हटलं, "बाईंच्या बरण्यांतली माती मी ओतून टाकली. सगळी. चुकून." त्याने डोक्याचं फडकं सोडलं, परत बांधलं. मग म्हणाला, "बरण्या आनल्यात का?"

मला जागा माहीत नव्हती. त्याला होती. दर वर्षी पावलं तोच मोजायचा, तुमचे गुडघे दुखायचे म्हणून. हे मला आज कळलं. बांधापासून सात पावलं गवतात, सात पावलं खाली नांगरलेल्यात. नांगरलेल्यात खुरपं सहज गेलं, माती पिठासारखी सुटी आली. गवतात ते जाईना. मुळांच्या जाळीवर आपटून परत येई. मी दोन्ही गुडघे टेकून जोर लावला तेव्हा वीतभर खड्डा झाला. काशिनाथ म्हणाला, "बाय पन अशीच चिडायची हितं."

दोन बरण्या भरल्या आणि टेम्पोच्या बॉनेटवर उन्हात शेजारी शेजारी ठेवल्या. फरक आहे. मी डाळ बघते तसं बघितलं, लांबून, मग जवळून. गवताची काळपट, दाणेदार, धाग्यांनी धरलेली. नांगराची फिकी. पण दोघी सुरुवातीला खरंच सारख्या होत्या का, आणि फरक पडला तो कोणत्या वर्षी, हे तुमच्या अठरा बरण्या सांगू शकल्या असत्या. या दोन सांगू शकत नाहीत. तुम्ही जिंकलात असं मी म्हणू शकत नाही, वहिनी. ते म्हणायची सोय मी ठेवली नाही.

प्रत्येकीसाठी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, पेन्सिलीने. एक बाहेर चिकटवली, एक आत टाकली. मग वही उलटी करून तुमच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं:

"सुरेखा म्हणते, एका जोडीने काही ठरत नाही. बरोबर. पुढच्या दिवाळीला पुन्हा घेणे."